बाई, आम्ही फायनल जिंकलो

बाई,

मी तुमची कॅचर. बंदराजवळच्या मोहल्ल्यातली, जिच्यासाठी तुम्ही अख्ख्या टीमला हाफ पँटऐवजी फुल पँट आणि लांब बाह्यांचे शर्ट शिवून घेतले होते, ती. आता मी अबू धाबीला राहते, खलिफा सिटीत, एका डेंटल क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसते. मिस्टर रुवैसला प्लांटमध्ये आहेत, शुक्रवारी रात्री येतात, सोमवारी पहाटे जातात. एक मुलगी आहे, तेरा वर्षांची. आणि तुम्हाला हसू येईल, पण गेल्या सीझनला मी मुलांच्या एका बेसबॉल टीमची कोच होते. आम्ही फायनल जिंकलो. जिंकून दोन महिने झाले, आणि त्या दिवसाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. मिस्टरांना सांगून झालं, ते म्हणाले, "अगं, कप मिळाला ना? खलास." तुम्ही असतात तर असं म्हणाला नसतात. म्हणून तुम्हाला लिहितेय.

बेसबॉल म्हणजे आपला सॉफ्टबॉलच, फक्त चेंडू लहान आणि कडक, आणि पिचर तो खालून नाही, खांद्यावरून टाकतो. मुलीच्या शाळेतल्या मैत्रिणीमुळे हे सगळं सुरू झालं. ती पाकिस्तानातल्या सियालकोटची. म्हणजे आईवडील तिथले, ती जन्मली इथेच, अबू धाबीत. तिचे वडील विमानतळाजवळच्या एका गोदामात सुपरवायझर होते. पोरगी उंच, हाडकुळी, बोलायला लाजरी, पण हातात चेंडू आला की वेगळीच. ती पिचर झाली आणि आमची लेक तिचे चेंडू धरायला समोर कॅचर म्हणून बसली. मी मुलीला माझ्या खेळाबद्दल कधी फार सांगितलं नव्हतं. हेल्मेट घालून, गुडघे वाकवून तिला पहिल्यांदा प्लेटमागे, बॅट घेतलेल्याच्या पाठीशी, बसलेलं पाहिलं तेव्हा माझेच गुडघे दुखायला लागले. टीममध्ये बाकी सगळे मुलगे. कोणी कोरियन, कोणी फिलिपिनो, दोन केरळचे, एक लेबनीज. आधी ते या दोघींना हसायचे. कोच एका मुलाचे जपानी वडील होते, शांत माणूस. सीझनचे पहिले सामने आम्ही सगळे हरलो, आणि मग त्यांचीही बदली झाली. पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला, आता टीम कोण बघणार? शनिवारी ग्राउंडवर उभे असताना माझी मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, "माय मॉम प्लेड. शी वॉज अ कॅचर." हे तिला तिच्या बाबांनी सांगितलेलं. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, अहो, मी शाळेत खेळले, तेही सॉफ्टबॉल, आणि त्याला किती वर्षं झाली. लेबनीज मुलाची आई म्हणाली, "हबीबती, आम्हाला तर बॉल कुठल्या बाजूने येतो तेही कळत नाही. यल्ला, चल, तूच बघ."

मी काय शिकवणार? तुम्ही जे करून घ्यायचात तेच करून घेतलं. चेंडू हातात येईपर्यंत त्याच्याकडेच बघायचं. फेकून झालं की उभं राहायचं नाही, पुढच्या जागेवर धावायचं. कॅचरच्या मागे चेंडू सुटला की कॅचर मागे धावेल आणि पिचरने ताबडतोब प्लेटवर यायचं, कारण ती जागा रिकामी पडते आणि धावणारा तिथे पोचला की रन. हे त्या दोघींकडून मी इतक्या वेळा करून घेतलं की शेवटी त्या हसत हसत करायच्या. मग आम्ही एक सामना जिंकलो. मग दुसरा. तिसरा तर शेवटच्या चेंडूवर. हसणारे मुलगे गप्प झाले. कोरियन पोरगा तर सामन्याच्या आधी माझ्या मुलीचे पॅड बांधून द्यायला लागला. टेबलमध्ये तळाला असलेली टीम सेमी-फायनलला पोचली आणि तिथे गेल्या वर्षीच्या विजेत्यांना हरवून फायनलला. क्लिनिकमध्ये पेशंट दाढ धरून माझ्यासमोर उभा असायचा आणि मी मनात बॅटिंगची ऑर्डर लावत असायचे.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दोघी शाळेतून थेट आमच्याकडे आल्या होत्या. मी घावनं घालत होते आणि नारळाचा रस काढून ठेवला होता. तुम्ही अमरावतीच्या स्पर्धेसाठी अब्बांची परवानगी काढायला आमच्या घरी आला होतात, तेव्हा अम्मीने तुम्हाला हेच दिलं होतं. तुम्ही शाकाहारी, म्हणून तिने मासळीची सगळी भांडी मागच्या दारी नेऊन ठेवली आणि नवा तवा काढला. तुम्ही ओटीवर न बसता सरळ स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसलात. अब्बा दारात उभे. म्हणाले, "बाई, मुलीची जात, अमरावती म्हणजे काय इथे आहे का?" तुम्ही घावनाचा तुकडा रसात बुडवत म्हणालात, "माझ्याबरोबर जाईल आणि माझ्याबरोबरच येईल. आणि कपड्यांचं म्हणाल तर मी शिंप्याकडे टाकलेत. सगळ्याच मुलींचे." 'सगळ्याच' या शब्दावर अब्बांचा चेहरा सैल झाला, तो मी चुलीशेजारून पाहिला होता. तर इथे, माझ्या किचनमध्ये, ती पोरगी घावन खाता खाता म्हणाली, "आंटी, वी आर गोइंग बॅक." मला वाटलं सुट्टीला. म्हटलं, कब तक? ती म्हणाली, "फॉर गुड. पापा की कंपनी ने सबको निकाल दिया." माझी मुलगी फोनमध्ये बघत राहिली. तिला ते आधीच माहीत होतं. ज्या गावी ती पोर कधी राहिलीच नव्हती, फक्त दोनदा लग्नाला गेली होती, तिथे ती "परत" चालली होती. तिने मला अजून एक घावन मागितलं आणि मी दिलं. दुसरं काय करणार होते?

तरी फायनल होऊन मग ते जाणार होते. हिशेब बरोबर बसत होता. पण फायनलच्या दिवशी दुपारपासून आभाळ तांबूस व्हायला लागलं आणि तीनच्या सुमाराला धुळीचं असं वादळ आलं की मला माझीच मुलगी दिसेना. अंपायरने हात वर केले. सामना पुढच्या शनिवारी, दुपारी चारला. आणि त्याच शनिवारी संध्याकाळी त्यांचं विमान.

मी काय काय केलं ते सांगते, कारण तुम्ही विचारलं असतंत. मी आयोजकांना फोन केला, सामना सकाळी घ्या. ते म्हणाले, सकाळी ग्राउंड दुसऱ्यांनी घेतलंय, आणि समोरची दुबईची टीम बसने येते, त्यांना जमणार नाही. शुक्रवारी घ्या म्हटलं. "मॅडम, इट इज नॉट इन अवर हँड्स." मग दुबईच्या कोचला फोन केला. भला माणूस, त्याला खरंच वाईट वाटलं, त्याने तसं सांगितलं आणि नाही म्हणाला. शेवटी मी त्या पोरीच्या घरी गेले. घरात पेट्या, दोरखंड, गुंडाळलेल्या गाद्या. तिच्या वडिलांना म्हटलं, भाईसाहब, तिकीट एक दिन आगे नहीं हो सकता? ते पेटीवर चिकटपट्टी लावत होते. थांबले. म्हणाले, "बाजी," ते मला ताईच्या जागी बाजी म्हणत, "टिकट कंपनी का है, व्हिसा कॅन्सल हो चुका है. मेरे हाथ में होता तो मैं जाता ही क्यों?" मग त्यांनाच वाटलं आपण फार बोललो, म्हणून म्हणाले, "आप फिक्र न करें, जितना हो सके उतना खेलेगी. सामान गाडी में रखके वहीं से निकल जाएंगे." त्यांच्या बायकोने मला चहा दिला. पोरगी म्हणाली, "आंटी, आप लोग सियालकोट आना." तिच्या आईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. इथे आम्ही एकाच दुकानातून कोथिंबीर घेतो, एका रांगेत मुलींच्या शाळेबाहेर उभ्या राहतो. इथून विमानाने त्यांचं गाव तीन तासांवर आणि माझंही तीन तासांवर. पण माझ्या घरून तिच्या घरी जायचा रस्ता नाही, हे आम्हा दोघींना माहीत होतं. दोघीही म्हणालो, इन्शाल्ला.

त्या शनिवारी हवा स्वच्छ होती, नको तितकी. विमानतळ जवळ, त्यामुळे दर थोड्या वेळाने डोक्यावरून विमान जायचं आणि पोरं सवयीने वर बघायची नाहीत, मी मात्र बघायचे. पार्किंगमध्ये त्यांची गाडी उभी, टपावर पेट्या, आत तिची आई आणि धाकटा भाऊ. पोरीने त्या दिवशी जे पिचिंग केलं, बाई, ते मी तुम्हाला कसं सांगू? दुबईच्या मुलांना चेंडू दिसत नव्हता. चेंडू माझ्या मुलीच्या ग्लोव्हमध्ये आपटल्याचा आवाज पार गाड्यांपर्यंत जात होता. आमच्या मुलांनी चार रन काढले, त्यांचा एक. चौथ्या बारीला सुरुवात झाली तेव्हा तिचे वडील जाळीपाशी येऊन उभे राहिले. मला वाटलं, झालं, न्यायला आले. मी उठले. तर त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "ये बारी पूरी कर लेने दें, बाजी. फिर निकलेंगे."

दोन आउट तिने झटक्यात घेतले. एकच राहिला होता. आणि तिथे तिचं काहीतरी हललं. वडील जाळीशी उभे आहेत हे तिने पाहिलं म्हणून असेल, खांदा थकला असेल. एकाला तिने चुकीचे चेंडू टाकले, तो फुकट पहिल्या बेसवर गेला. दुसऱ्याने मारला. तिसराही फुकट गेला. तिन्ही बेसवर त्यांची मुलं, आणि पार्किंगमधून हॉर्न वाजला. एकदाच, हलका. तिच्या आईने वाजवला असणार. वडिलांनी हॉर्नकडे पाठ केली, पण घड्याळाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. पिचरला काढायचं असेल तर कोचने स्वतः मैदानाच्या मधोमध चालत जाऊन तिच्या हातून चेंडू घ्यायचा असतो. ते काम माझं होतं.

चालताना मला तुमची आठवण येत होती. अमरावतीच्या त्या सेमी-फायनलला आमच्या हातातून सगळं निसटत चाललं होतं, आणि तुम्ही पाण्याच्या पिंपाशेजारच्या खुर्चीवर बसून चणे खात होतात. मी प्लेटमागून दर वेळी तुमच्याकडे बघायचे, काहीतरी सांगाल म्हणून. तुम्ही एकेक चणा सोलत होतात. शेवटी आमच्या लेफ्ट फील्डच्या मुलीकडून झेल सुटला आणि आम्ही हरलो. मी तिथल्या तिथे तिच्याकडे बोट करून ओरडले, हिच्यामुळे! तेव्हा मात्र तुम्ही उठलात, माझ्यासमोर आलात आणि सगळ्या टीमपुढे म्हणालात, "बोट खाली कर. ते बोट चेंडू धरायला दिलंय." एवढंच. परतीच्या प्रवासात तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, पनवेलला उतरल्यावर मात्र माझी वळकटी तुम्हीच उचललीत. मी कितीतरी वर्षं धरून चालले होते की बाईंना हरण्या-जिंकण्याचं काही नव्हतंच. चणे खात होत्या. त्या दिवशी पिचरकडे चालत जाताना माझ्या लक्षात आलं की माझ्याही हातात खजूर आहे, आणि तो मी बोटांनी चेचून टाकलाय.

मी तिच्यापाशी पोचले. माझी मुलगी प्लेटवरून आली, मास्क कपाळावर चढवून. ती पोर म्हणाली, "आंटी, बस एक आउट. एक ही तो है."

मी म्हटलं, "बेटा, यल्ला. पापा खडे हैं."

"प्लीज."

बाई, मी काय म्हणायला हवं होतं? मी हात पुढे केला. तिने आधी माझ्या मुलीकडे पाहिलं. माझी मुलगी म्हणाली, "इट्स ओके. गो." तिचा आवाज साधा होता, उद्या शाळेत भेटणार असल्यासारखा. मग पोरीने चेंडू माझ्या तळहातावर ठेवला. ओला होता, घामाने. दोघींनी मिठीबिठी काही मारली नाही. माझ्या मुलीने तिच्या शर्टाच्या पाठीला लागलेली माती झटकली, एवढंच. ती पळत गेली, आधी जाळीच्या दारातून, मग गाड्यांमधून, टीमचाच शर्ट घालून, गुडघ्याला माती तशीच. दुबईच्या मुलांच्या आयांनीही टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं तिला लागलंय.

तिच्या जागी कोरियन मुलाला पिचिंगला आणलं. त्याचा पहिलाच चेंडू त्यांनी मारला, दोन रन आले. चार-तीन. मग कसाबसा तो आउट मिळाला. त्यानंतरच्या बाऱ्या मी खुर्चीवर बसून काढल्या, आणि तिथे बसून माणसाला काहीही करता येत नाही, हे तुम्ही मला कधी का नाही सांगितलंत? ओरडावं तर पोरं बिथरतात. गप्प राहावं तर छाती फुटते. शेवटच्या बारीत त्यांचे दोन आउट झाले आणि एक मुलगा तिसऱ्या बेसवर, प्लेटवर पोचला की बरोबरी. कोरियन मुलाने चेंडू टाकला, तो जमिनीवर आपटला, माझ्या मुलीच्या ग्लोव्हखालून निसटला आणि मागे जाळीपर्यंत गेला. तिसऱ्या बेसवरचा मुलगा सुटला. माझी मुलगी मागे धावली, चेंडू उचलला आणि न बघता, वळता वळता, प्लेटकडे फेकला. प्लेटवर कोणी नव्हतं. सीझनभर त्या जागी तिची मैत्रीण असायची, त्या सवयीने तिने फेकला. मी ती रिकामी प्लेट पाहिली आणि डोळे मिटले नाहीत, पण मिटल्यासारखंच झालं. आणि कोरियन मुलगा कुठून आला देव जाणे, अडखळत, जवळजवळ पडत आला, चेंडू त्याच्या ग्लोव्हमध्ये बसला आणि धावणारा मुलगा प्लेटला पोचायच्या आत ग्लोव्ह त्याच्या पायावर. धूळ उडाली. अंपायर वाकून बघत राहिला, मग त्याने मूठ वर केली. आउट.

सगळे मैदानात धावले. लेबनीज आईने माझ्या गालांचे मुके घेतले. मिस्टर रुवैसहून आलेले, ते व्हिडिओ काढत नाचत होते. माझी मुलगी जाळीपाशीच उभी होती, तोंडावर मास्क तसाच. मेडल घालायला बोलावलं तेव्हाही तिने तो काढला नाही. आयोजक हसून म्हणाले, फोटोसाठी तरी काढ. तिने मान हलवली. मी म्हटलं, राहू दे.

गाडीत ती म्हणाली, "मॉम, कॉल देम. टेल हर." मी लावला. बंद होता. इथलं सिम, ते बंद झालेलं. तिने स्वतः मेसेज टाकला, त्याला एकच खूण आली, करडी. मिस्टर म्हणाले, पोचली की वाचेल.

दुसऱ्या दिवशी तिने वाचला. पंधरा-वीस हृदयं पाठवली. मग रोज दोघींचे व्हिडिओ कॉल, मग एक दिवसाआड, मग लाइट नसते, नेट नसतं, शाळा वेगळी. तिथे जवळपास मुलींची टीम नाही म्हणे. गल्लीत भावाला चेंडू टाकते, पण तो हळू टाक म्हणतो. तिचे वडील अजून कामाच्या शोधात आहेत. हे तिच्या आईने मला सांगितलं, आणि मी "अल्ला खैर करेगा" म्हणून फोन ठेवला आणि बराच वेळ पीठ मळत राहिले. परवा माझी मुलगी म्हणाली की पुढच्या सीझनला ती खेळणार नाही. मी विचारलं, का? "एव्हरीबडी लीव्ज, मॉम. यू मेक अ टीम अँड देन एव्हरीबडी लीव्ज." तिने ते चिडून म्हटलं नाही, हवा गरम आहे म्हणावं तसं म्हटलं. आणि खरं आहे तिचं. कोरियन मुलाचे वडीलही जूनमध्ये जाणार आहेत. आमचंही रुवैसचं काम किती दिवस, कोणाला ठाऊक.

म्हणून मला तुम्हाला विचारायचं होतं. आमची टीमही अशीच गेली ना? अमरावतीनंतर वर्षाच्या आत कोणाचं लग्न, कोणाची शाळा सुटली, मी पुढे लग्न होऊन एकोणिसाव्या वर्षी इकडे आले. तुम्ही माझ्या लग्नाला आलात, जेवलात, अम्मीच्या हातात कागदात गुंडाळलेला डबा दिलात आणि मला फक्त "खांदा जप" म्हणून गेलात. आणि पुढच्या जूनमध्ये तुम्ही परत नव्या पोरी घेऊन मैदानात उभ्या होतात, भावाने सांगितलं होतं. कसं करत होतात तुम्ही ते? चुना टाकून रेषा आखताना तुम्हाला कधी वाटलं नाही, की यातल्याही सगळ्या जाणार? तुम्ही गेल्याचं मला दुबईला, देऱ्यात राहत असताना कळलं, फोनवर, दुसऱ्या कसल्या तरी बोलण्याच्या ओघात. तेव्हा विचारायला काही नव्हतं माझ्याकडे.

आयोजकांचा मेसेज आलाय, पुढच्या सीझनला कोच म्हणून नाव देऊ का. मी वाचलाय हे त्यांना दिसतंय. अजून काही लिहिलेलं नाही.

आत्ता हे लिहिताना मुलगी येऊन शेजारी बसली. तिला देवनागरी वाचता येत नाही. "हू इज इट फॉर?" माझ्या शाळेतल्या बाईंसाठी, मी म्हटलं. "व्हॉट डिड शी लुक लाइक?" मी सांगायला सुरुवात केली, साडी खोचलेली, गळ्यात शिटी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि तिथे थांबले. मुलगी वाट बघत होती. मी म्हटलं, उंच होत्या. होतात ना तुम्ही उंच? बाई, मला तुमचा चेहरा आठवत नाही.